डावखुऱ्यांचा माऊस पुन्हा पुन्हा ‘उलटा’ का होतो? लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

“काल व्यवस्थित होता, आज पुन्हा उलटा झालाय.”

संगणकांच्या देखभालीचं काम करताना हे वाक्य मला दर थोड्या दिवसांनी ऐकू येतं, आणि बोलणारी व्यक्ती जवळपास नेहमी डावखुरी असते. मी स्वतःही डावखुरी आहे. कितीतरी वर्षं मी माऊस उजव्या हाताने धरला, कारण तो तिकडे ठेवलेला असायचा. मग एकदा उजवं मनगट दुखावलं, माऊस डावीकडे घेतला आणि या सगळ्या अडचणी एकेक करून माझ्याच टेबलावर भेटल्या. तेव्हापासून स्वतःसाठी आणि इतरांसाठी याच दुरुस्त्या इतक्या वेळा केल्यात की तपासण्यांचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे लिहितेय. फुकटातलं आणि सोपं ते आधी, किचकट आणि खर्चाचं ते नंतर.

वाचताना एक गोष्ट मनात धरा, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच निघतं: बटणांची अदलाबदल (म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीखाली निवडणारं बटण यावं म्हणून डाव्या-उजव्या बटणांची कामं आपापसांत बदलणं) एकाच ठिकाणी झालेली असली पाहिजे. ती दोन ठिकाणी झाली की एक दुसरीला खोडते आणि माऊस पुन्हा जसा होता तसा, म्हणजे तुमच्या दृष्टीने उलटा, होतो.

आणि एक शब्दांचं. ‘लेफ्ट क्लिक’ आणि ‘राइट क्लिक’ हे शब्द मी शक्यतो टाळणार आहे. डावखुऱ्या माणसाला फोनवर “राइट क्लिक करा” सांगितलं की घोळ तिथूनच सुरू होतो. प्रत्यक्ष उजवं बटण दाबायचं की मेनू उघडणारं? म्हणून निवडणारं ते मुख्य बटण आणि मेनू उघडणारं ते दुय्यम बटण. डाव्या हाताने माऊस धरला की तर्जनी उजव्या बटणावर येते आणि मधलं बोट डाव्यावर. दुसऱ्या कुणाला मदत करत असाल तर “तर्जनीचं बटण”, “मधल्या बोटाचं बटण” असं म्हणा. अर्धं काम तेवढ्याने होतं.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा:

- तर्जनीने दाबलं की फाईल उघडण्याऐवजी मेनू उघडतो. कधी उघडतो, कधी नाही.
- लॉगिनच्या पडद्यावर बटणं उलटी, आत गेल्यावर बरोबर. किंवा याच्या बरोबर उलट.
- एका ठरावीक प्रोग्राममध्ये, खेळात किंवा दूरच्या संगणकाला जोडल्यावरच बटणं फिरतात.
- हात आडवा सरळ नेला तरी कर्सर तिरका जातो.
- बिनतारी माऊस डावीकडे ठेवला की कर्सर अडखळतो, उजवीकडे ठेवला की सुरळीत चालतो.
- बाणाचं टोक एकीकडे आणि क्लिक पडतो दुसरीकडे.
- एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होतं.
- बटणं ठीक आहेत, पण करंगळी, अंगठा किंवा मनगट दुखतं.

शेवटचं लक्षण असेल तर हात आणि माऊसचा आकार या दोन भागांकडे वळा, आणि शेवटचा भागही वाचाच.

आधी हात आणि टेबल

सेटिंग उघडायच्या आधी पाच मिनिटं टेबलाकडे पाहा. माऊस डावीकडे घेणारे बरेच जण फक्त माऊस हलवतात. कीबोर्ड, वायर, पॅड सगळं उजव्या हातासाठी लावलेलंच राहतं. मग माऊस कुठेतरी कोपऱ्यात येतो आणि हात खांद्यापासून ताणला जातो.

वायरवाला माऊस असेल तर वायर आधी पाहा. ती बऱ्याचदा उजव्या बाजूच्या पोर्टमधून निघून कीबोर्डच्या मागून ताणून आलेली असते. माऊस डावीकडे ढकलला की वायर त्याला मागे ओढते, आणि ती ओढ लक्षातही न येता मनगट दिवसभर सोसत राहतं. पोर्ट बदला, नाहीतर एक्स्टेन्शनची छोटी वायर घाला.

कीबोर्डच्या बाबतीत मात्र डावखुऱ्यांचं नशीब चांगलं आहे. पूर्ण कीबोर्डवर आकड्यांचा गट उजव्या टोकाला असतो, त्यामुळे उजव्या हाताचा माऊस त्याच्याही पलीकडे जातो. डाव्या हाताचा माऊस अक्षरांच्या अगदी लगत राहू शकतो. कीबोर्ड थोडा उजवीकडे सरकवून अक्षरांचा भाग पोटासमोर आणा आणि माऊस लगेच डावीकडे ठेवा. कोपर अंगालगत राहिलं म्हणजे जागा बरोबर आहे. आकडे भरायचं काम असेल तर उजवा हात आकड्यांवर आणि डावा माऊसवर ठेवून दोन्ही एकाच वेळी करता येतं. मला ही सोय इतकी आवडते की उजव्या हाताचं दुखणं गेल्यावरही मी परत उजवीकडे गेले नाही.

आता तिरक्या कर्सरबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या एका लक्षणापायी चांगले माऊस फेकून दिलेले मी पाहिलेत. माऊसच्या पोटातल्या सेन्सरला ‘पुढे’ म्हणजे माऊसचं नाक ज्या दिशेला आहे ती दिशा, एवढंच कळतं. पडदा कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. डावा हात शरीराच्या डावीकडून आत वळून येतो, म्हणून माऊसचं नाक नकळत उजवीकडे झुकतं. अशा झुकलेल्या माऊसला तुम्ही सरळ उजवीकडे नेलं की त्या हालचालीतला थोडा भाग त्याला ‘पुढे’ वाटतो, आणि कर्सर उजवीकडे जाताजाता वर चढतो. डावीकडे नेताना खाली उतरतो. उजव्या हाताच्या लोकांकडे हा तिरकेपणा उलट दिशेचा असतो.

खात्री करायला एक जाड पुस्तक टेबलाच्या कडेला समांतर ठेवा. माऊसची मागची बाजू पुस्तकाच्या कडेला टेकवा म्हणजे नाक सरळ पडद्याकडे राहील, आणि कडेकडेने माऊस डावी-उजवीकडे सरकवा. कर्सर आडव्या रेषेत गेला तर सेन्सर चांगला आहे आणि झुकाव तुमच्या हाताचा आहे. पुस्तक टेकवूनही कर्सर तिरका गेला तर मात्र दोष माऊसमध्ये, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कोन बदलून ठेवलाय. झुकाव हाताचा असेल तर माऊस दोन बोटं आत, म्हणजे शरीराच्या मध्याकडे घ्या. बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं. खेळांसाठी बनवलेल्या काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचा कोन फिरवायची सोय असते, ती त्यानंतर वापरा.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर

आधी बॅटरी बदला किंवा चार्ज करा. मग चकचकीत पृष्ठभाग आहे का बघा. काचेवर किंवा फार गुळगुळीत टेबलावर पुष्कळ सेन्सर चुकतात, खाली साधा पॅड घाला. दोन्ही ठीक असतील तर तो छोटा रिसीव्हर कुठे खोचलाय ते पाहा.

डावखुऱ्यांकडे हे कारण वरचेवर सापडतं. रिसीव्हर लॅपटॉपच्या उजव्या पोर्टमध्ये किंवा डेस्कटॉपच्या मागे, आणि माऊस पार डावीकडे. मध्ये संगणकाचा धातू आणि तुमचं स्वतःचं शरीर. त्यातच तो रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल, तर त्रास आणखी वाढतो. यूएसबी ३ मधून डेटा जाताना जो रेडिओ गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि बहुतेक बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. २०१२ साली इंटेलने यावर एक तांत्रिक निबंधच प्रसिद्ध केला होता. रिसीव्हर डावीकडच्या पोर्टमध्ये न्या, जमल्यास यूएसबी २ च्या, किंवा एक्स्टेन्शन वायर लावून माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी हे करा, कारण अडखळणाऱ्या कर्सरमुळे क्लिक चुकतात आणि माणसाला वाटतं की बटणंच फिरली.

बटणं: अदलाबदल नेमकी कुठे झालीय?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बटणांची अदलाबदल तीन जागी होऊ शकते:

एक, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग माऊस. तिथे सगळ्यात वर ‘प्रायमरी माऊस बटण’ असतं, ते ‘राइट’ करायचं. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, माऊस. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या माऊसच्या पानावर ‘सेकंडरी क्लिक’ डाव्या बाजूला न्यायचा. लिनक्सवर जीनोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या माऊस आणि टचपॅडच्या पानावर ‘प्रायमरी बटण’. तिथे टचपॅडही मुळात माऊसच्या मागे जातो, म्हणून टचपॅड अचानक उलटा वाटला तर दचकू नका. क्रोमबुकवरही डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये हीच सोय आहे.

दोन, माऊस बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक बटणाला हवं ते काम देता येतं तिथे. पण हा बदल ते सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच टिकतो.

तीन, माऊसच्या स्वतःच्या मेमरीत. काही माऊस नेमणूक आतच साठवतात आणि कोणत्याही संगणकाला जोडले तरी सोबत नेतात. डाव्या हातासाठी खास घडवलेल्या काही माऊसमध्ये तर तर्जनीचं बटण कारखान्यातूनच मुख्य म्हणून येतं.

या तिघांतलं कुणीही दुसऱ्याची विचारपूस करत नाही. माऊसने अदलाबदल केली आणि विंडोजनेही केली, तर शेवटी जे पोहोचतं ते मूळचंच. दोन्ही सेटिंग्ज ‘डावखुरा’ दाखवताहेत आणि माऊस मात्र उजव्याचा, अशी स्थिती होते.

एक प्रसंग सांगते. हिशोब विभागातल्या एका ताईंची तक्रार होती की रोज सकाळी लॉगिन केल्यावर पहिलं अर्धं मिनिट माऊस अगदी बरोबर असतो, आणि मग आपोआप उलटतो. त्यांनी माऊस बदलून पाहिला होता, संगणक पुन्हा सुरू करून पाहिला होता, शेवटी बोटांनाच उलटी सवय लावायला घेतली होती. मी शेजारी बसून घड्याळ पाहिलं. खरंच, अर्ध्या मिनिटाच्या आसपास खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह उमटलं आणि त्याच क्षणी तर्जनीखाली मेनू उघडू लागला. ते चिन्ह माऊसच्या सॉफ्टवेअरचं होतं. विंडोजमध्ये अदलाबदल जुन्या माऊसच्या काळापासून होती. नवा माऊस आल्यावर कुणीतरी त्याच्या सॉफ्टवेअरमध्येही ती करून दिली होती. सॉफ्टवेअर उशिरा सुरू व्हायचं, तोवर एकच अदलाबदल लागू असायची म्हणून सगळं बरोबर. ते जागं झालं की दुसरी लागू व्हायची आणि पहिली खोडली जायची. सॉफ्टवेअरमधली नेमणूक मूळपदावर आणली, काम झालं.

तुमच्याकडे काय झालंय हे शोधायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली: तुमचा माऊस अशा संगणकाला जोडा जिथे कुणीही काही बदललेलं नाही आणि तुमच्या माऊसचं सॉफ्टवेअरही नाही. तिथे तर्जनीने (म्हणजे उजव्या बटणाने) फाईल निवडली गेली तर अदलाबदल माऊसच्या आत आहे.

दुसरी: तुमच्या संगणकाला एखादा अगदी साधा, दोन बटणांचा माऊस जोडा. त्याच्या उजव्या बटणाने फाईल निवडली गेली तर अदलाबदल ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे.

दोन्हीकडे ‘हो’ आलं तर तुमच्याकडे दुहेरी अदलाबदल आहे, एक काढा. दोन्हीकडे ‘नाही’ आलं आणि तरीही तुमचा माऊस तुमच्या संगणकावर फिरलेला असेल, तर सॉफ्टवेअर. ‘हो’ एकाच ठिकाणी आलं आणि माऊस तरीही उलटा असेल, तर दुसरी अदलाबदल सॉफ्टवेअरने केलेली असते. चाचणी करताना कागदावर लिहून ठेवा. तिसऱ्या फेरीपर्यंत कोणत्या माऊसने काय केलं ते कुणालाच आठवत नाही, मलाही नाही.

मग ठेवायची कुठे? संगणक फक्त तुमचाच असेल तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठेवा. ती कोणत्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नसते आणि उद्या माऊस बदलला तरी टिकते. संगणक दोघांत वाटलेला असेल, एकाच खात्यावर दोन माऊस जोडलेले असतील, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, तर विंडोजमधली अदलाबदल उपयोगाची नाही, कारण ती जोडलेल्या सगळ्याच माऊसना लागू होते. अशा वेळी सिस्टिमला हात लावू नका. स्वतःची मेमरी असलेला माऊस घेऊन अदलाबदल त्याच्यातच साठवा. किंवा दोघांची खाती वेगळी करा. विंडोजमध्ये हे सेटिंग प्रत्येक खात्याचं स्वतंत्र असतं, हे बऱ्याच घरांत आणि ऑफिसांत माहीत नसतं. दिवसभर एकमेकांचं सेटिंग फिरवत बसण्यापेक्षा खातं वेगळं केलेलं केव्हाही बरं.

एक तिसरा मार्गही आहे, आणि तो कमी प्रतीचा समजू नका: बटणं अजिबात न बदलता माऊस डाव्या हातात धरणं, मधल्या बोटाने निवडणं आणि तर्जनीने मेनू उघडणं. मी ओळखते त्यातले कित्येक डावखुरे असंच काम करतात. वेगवेगळ्या संगणकांवर बसावं लागणाऱ्याला हाच मार्ग सगळ्यात सुखाचा, कारण कुठेही गेलं तरी काही बदलावं लागत नाही.

लॉगिनचा पडदा, दूरचा संगणक आणि हट्टी प्रोग्राम

लॉगिनच्या पडद्यावर बटणं उलटी असतील तर तो बिघाड नाही. तिथे अजून तुमचं खातं उघडलेलं नसतं, म्हणून तुमचं सेटिंगही लागू झालेलं नसतं. पासवर्ड टाईप करून एंटर दाबा आणि पुढे चला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, शिरून हे बदलता येतं, पण दिवसातल्या दोन क्लिकसाठी तो धोका पत्करू नका.

दूरच्या संगणकाला जोडून काम करत असाल, किंवा संगणकात दुसरा आभासी संगणक चालवत असाल, तर तोच दुहेरी अदलाबदलीचा नियम इथेही लागतो. तुमच्या संगणकाने फिरवलेलं बटण पलीकडचा संगणक पुन्हा फिरवू शकतो. आधी पलीकडचं सेटिंग मूळपदावर ठेवून पाहा. तरीही उलटं असेल तरच तिकडे बदला. दोन्हीकडे एकदम हात घालू नका.

काही खेळ आणि थोडे जुने प्रोग्राम मात्र तुमचं सेटिंग जुमानत नाहीत. विंडोजमध्ये बटणाची बातमी प्रोग्रामला दोन वाटांनी मिळते. नेहमीच्या वाटेने आली तर अदलाबदल होऊन येते. प्रोग्रामने ती थेट उपकरणाकडून कच्ची उचलली, तर प्रत्यक्ष डावं बटण ते डावंच राहतं. अशा प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बटणांची नेमणूक असेल तर तिथे बदला. नसेल तर अदलाबदल माऊसच्या मेमरीत नेणं हा एकच पक्का उपाय, कारण मग कच्ची बातमीच फिरलेली निघते. सिस्टिममधली अदलाबदल त्या वेळी आठवणीने काढून टाका.

बाण

पडद्यावरचा बाण वर-डावीकडे रोखलेला असतो. उजव्या हाताने माऊस धरणाऱ्याला तो आपल्या बोटासारखा वाटतो. डाव्या हाताला तो उलट्या बाजूने आल्यासारखा. (त्या तिरकेपणाचं कारण हात नव्हतंच म्हणे. माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांच्या सुरुवातीच्या रचनेत बाण सरळ वर पाहत होता. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात, थोड्याच ठिपक्यांच्या पडद्यावर नीट उमटावा म्हणून, तो तिरपा झाला.)

विंडोजमध्ये माऊसच्या जास्तीच्या सेटिंगमधल्या ‘पॉइंटर्स’ टॅबवर जाऊन उजवीकडे रोखलेला बाण लावता येतो. बाण लावल्यावर क्लिक चुकत असेल तर कारण बहुधा एकच असतं. कर्सरच्या फाईलमध्ये चित्रासोबत एका ठिपक्याची जागा नोंदलेली असते. क्लिक पडतो तो त्या ठिपक्यावर, चित्राच्या टोकावर नाही. मी पहिल्यांदा नेहमीचा ३२ बाय ३२ पिक्सेलचा बाण घेऊन चित्र आरशासारखं फिरवलं आणि खूश झाले. टोक गेलं वरच्या उजव्या कोपऱ्यात, ठिपका राहिला वरच्या डाव्या कोपऱ्यात. बंद करण्याच्या फुलीवर टोक ठेवून दाबलं की क्लिक ३१ पिक्सेल डावीकडे, शेजारच्या बटणावर. तेव्हा बाण घ्याल तो डाव्या हातासाठी मुद्दाम बनवलेलाच घ्या, किंवा कर्सर बनवणाऱ्या प्रोग्रामात तो ठिपकाही हलवा.

लावलेला बाण दर काही दिवसांनी आपोआप जुना होत असेल तर त्याच टॅबवर खाली ‘थीमला पॉइंटर बदलू द्या’ अशा अर्थाची एक खूण असते, ती काढा. थीम बदलली की ती स्वतःचे पॉइंटर घेऊन येते. मॅकवर बाणाची दिशा बदलायची आतली सोय नाही, पण ॲक्सेसिबिलिटीमध्ये तो मोठा आणि रंगीत करता येतो. नजर चुकत असेल तर त्याचाही उपयोग होतो.

ज्यांच्याकडे टच किंवा पेन चालणारा विंडोज संगणक आहे त्यांनी पेनच्या सेटिंगमध्ये ‘कोणत्या हाताने लिहिता’ हेही पाहावं. मेनू डावीकडे उघडायचे की उजवीकडे ते त्यावर ठरतं.

कॉपी-पेस्टसाठी हात मोकळा नाही

हा बिघाड नाही, पण माऊस डावीकडे नेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात भेटतो. कंट्रोलबरोबरचे सी, व्ही, एक्स, झेड सगळे कीबोर्डच्या डाव्या टोकाला, आणि डावा हात तर माऊसवर. उजव्या हातासाठी जुन्या जोड्या अजून चालतात: कंट्रोल आणि इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट आणि इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट आणि डिलीट म्हणजे कट. शेवटची जपून वापरा. फाईल एक्सप्लोररमध्ये फाईल निवडलेली असताना शिफ्ट-डिलीट दाबलं तर ती फाईल कट होत नाही, रिसायकल बिनमध्ये न जाता कायमची पुसली जाते. मजकुरात वापरा, फाईलींवर नको. माऊसला बाजूची बटणं असतील तर कॉपी आणि पेस्ट त्यांना देऊन टाका.

माऊसचा आकार, आणि माऊसच बिघडला असेल तर

अंगठ्यासाठी डावीकडे खोबण असलेला माऊस डाव्या हातात धरू नका. कितीही सेटिंग केलं तरी करंगळी आणि अनामिका त्या खोबणीत वाकड्या बसतात आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा माऊसही नीट बघून घ्या: बऱ्याच सारख्या आकाराच्या माऊसना बाजूची बटणं फक्त डावीकडे असतात, म्हणजे तुमच्या करंगळीखाली. चुकून दाबली गेली की ब्राउझर मागचं पान उघडतो आणि भरलेला फॉर्म जातो. सॉफ्टवेअरमधून ती बटणं बंद करा.

डाव्या हातासाठी घडवलेले माऊस मोजके आहेत, पण आहेत. लॉजिटेकचा लिफ्ट २०२२ पासून डाव्या हाताच्या रूपातही मिळतो, इव्होल्युएंटचा उभा माऊस डाव्या हातासाठी वेगळा येतो, रेझरने नागाची डावखुरी आवृत्ती २०२० मध्ये पुन्हा काढली. केन्सिंग्टनच्या ऑर्बिटसारखे ट्रॅकबॉल दोन्ही हातांना सारखे, आणि त्यात माऊस झुकायचा प्रश्नच येत नाही. तरी पहिला माऊस साधा, दोन्ही बाजूंनी सारखा, हलका घ्या. डाव्या हाताला नेमकं काय हवं ते कळायला काही आठवडे लागतात, आणि महागडा माऊस त्यानंतर निवडलेला बरा.

एका क्लिकचे दोन होत असतील तर अदलाबदलीचाच उपयोग करून निदान करता येतं. मुख्य बटण दुसऱ्या बाजूला न्या आणि काही वेळ काम करा. दोष त्याच प्रत्यक्ष बटणासोबत राहिला तर त्याखालचा स्विच झिजलाय. दोष ‘मुख्य’ या कामासोबत दुसऱ्या बटणावर आला तर स्विच चांगले आहेत; डबल-क्लिकचा वेग किंवा फाईल एका क्लिकने उघडण्याचं सेटिंग तपासा. यात डावखुऱ्यांचा एक फायदाही आहे. उजव्या हाताने वर्षानुवर्षं वापरलेल्या माऊसचं डावं बटण झिजलेलं असतं आणि उजवं जवळपास कोरं. असे टाकून दिलेले दोन-तीन साधे माऊस मी अदलाबदल करून अजून वापरतेय.

इथे थांबा

ऑफिसच्या संगणकावर अदलाबदल रोज सकाळी पुसली जात असेल आणि वरच्या दोन्ही चाचण्या स्वच्छ निघाल्या असतील, तर ते सेटिंग मध्यवर्ती नियमाने किंवा लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टने मूळपदावर येतंय. तुमच्या बाजूने ते सुटणार नाही. संगणक विभागाला कळवा, आणि नुसतं “माऊस बिघडलाय” न म्हणता असं लिहा: “माझ्या खात्याचं मुख्य बटण उजवं ठेवायचं आहे, लॉगिननंतर ते बदलतं.” त्यांना नेमकं कुठे बघायचं ते लगेच समजतं.

रजिस्ट्री, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, माऊसचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) बदलणं यातलं काही आधी कधी केलं नसेल तर जाणकार शेजारी असल्याशिवाय करू नका. चार्ज होणारा माऊस स्वतः उघडू नका. आत लिथियम बॅटरी असते, स्क्रू ड्रायव्हरने ती टोचली गेली तर पेटू शकते. स्विच बदलायला डाग देता (सोल्डरिंग करता) आला पाहिजे. येत नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आणि माऊस साधा असेल तर सरळ नवा घ्या.

हात बदलल्यावर पहिले काही दिवस हात अवघडणं, संथ चालणं साहजिक आहे. अर्धा-पाऊण तास डाव्याने, मग थोडा वेळ उजव्याने, असं वाढवत न्या. पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, किंवा कप धरताना पकड सुटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर कोपराजवळची किंवा मनगटाच्या त्या बाजूची नस. तिथे माऊस बदलून, बाण फिरवून, पॅड घालून वेळ काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही हातांनी दिवसाला किती तास माऊस धरता ते त्यांना सांगा. मी उजव्या मनगटाचं दुखणं सहा महिने अंगावर काढलं होतं, आणि फिजिओथेरपीला त्याहून जास्त वेळ लागला.